सातव्या डब्यातलं सुंभ

१

गोदूचं पत्र मला मार्गशीर्षात आलं. माघ संपत आला तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र एका पानाचं होतं. चौथी शिकलेल्या मुलीचं मोठं, गोल अक्षर.

"गद्रे मास्तर यांस आगरदांड्याहून गोदूचा नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी बुधाजीची बहीण. सिनेमाच्या तंबूत हँडल फिरवायचा तो बुधाजी. तुमच्या गावात रीळ चोरीला गेलं तेव्हा तुम्ही तिथे होतात. तुम्ही बोललात म्हणून तो चोर ठरला असं लोक सांगतात. शिमग्याला मुंबईकर आले की आमची गावकी बसणार आहे. त्याला चोर धरलं तर आमच्या घराला पालखीला हात लावू देणार नाहीत. लावणीला आमच्या शेतात कोणी उतरणार नाही. तो मला सांगतो, मी नाही घेतलं. पण मला खरं पाहिजे. घेतलं असेल तर हो लिहा. नसेल तर नाही लिहा."

मी कागद घेऊन किती वेळा बसलो ते सांगत नाही. मला ना 'हो' लिहिता येत होतं, ना 'नाही'. मी दिवेआगरच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली. आता गावच्या वाचनालयाची दोन कपाटं सांभाळतो. त्यातल्या एका कपाटात निम्म्या रहस्यकथाच आहेत, मराठी आणि इंग्रजी. त्या सगळ्या मी वाचल्या आहेत आणि एकदाही शेवटच्या पानाआधी खुनी ओळखलेला नाही. अशा माणसाने चोर कोण ते सांगायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

माघातल्या एका सकाळी पोस्टमन अंगणात सायकल टेकून म्हणाला, "मास्तर, त्या आगरदांड्याच्या पत्राचं काय झालं हो?"

"कोणतं?" मी म्हटलं. खोटंच.

"तीन आण्यांचा दंड भरून सोडवलंत ना, तिकीट कमी होतं म्हणून, ते. पलीकडचा डाकवाला सांगत होता, पोरगी टपालाच्या दिवशी धक्क्यावर येऊन उभी राहते. माझं काही आहे का विचारते. तो नाही म्हणाला की निघून जाते. पावणेतीन महिने झाले म्हणे."

तो गेला. मी वाचनालयाला कुलूप लावलं. शिमग्याला सोळा दिवस उरले होते. म्हटलं, आता उत्तर जाणार. 'हो' असो की 'नाही' असो, पण माहीत करून घेऊन जाणार.

२

आधी कार्तिकात काय घडलं ते सांगायला हवं.

भातकापणी उरकली की शिवदासचा तंबू आमच्या किनाऱ्याने गावोगाव फिरायचा. वीज नव्हती, त्यामुळे बोलपट नव्हता. शिवदासकडे हाताने फिरवायचं जुनं यंत्र होतं, कार्बाइडचा दिवा होता आणि पंधरावीस डबे होते. त्यात सगळ्यांत मानाचा एक अमेरिकन मुका डिटेक्टिव्ह सिनेमा. सात रिळांचा. लोकांनी दोनदा तिकीट काढावं म्हणून तो दोन रात्रींत दाखवायचा, पहिल्या रात्री चार रिळं, दुसऱ्या रात्री तीन. एका श्रीमंत म्हाताऱ्याचा त्याच्या गलबतावर खून होतो, आणि हार्लन नावाचा डिटेक्टिव्ह पुतण्या, पुतणी, डॉक्टर, तांडेल अशा गलबतावरच्या एकेकाला प्रश्न विचारत जातो. पडद्यावर मधूनमधून इंग्रजी पाट्या येत. शिवदास पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगे. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याच्या आधीच्या माणसाकडून त्याने सगळं तोंडपाठ केलं होतं.

पहिल्या रात्री मी पुढे बसलो होतो आणि सवयीने पाट्या हळूच मराठीत पुटपुटत होतो. शेजारी सत्यवतीबाई. तंबू त्यांच्याच वाडीलगतच्या मोकळ्या जागेत लागला होता. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "अहो मास्तर, मोठ्याने बोला की. तो काहीतरी भलतंच सांगतोय."

दुसऱ्या रात्री मला पडद्यापाशी खुर्चीवर बसवलं गेलं. पाचवं रीळ सुरू झालं तेव्हा मी पाट्या हळूच वाचत होतो. पण सहाव्या रिळात मला कळलं की साडेतीनशे माणसं माझ्या आवाजाची वाट पाहतायत. मी एकदाही अडखळलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

सहावं संपलं. बुधाजीने पेटीतून सातव्या आकड्याचा डबा उचलून आणला, झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला.

डब्यात रीळ नव्हतं. नीट गुंडाळून बसवलेलं सुंभाचं वेटोळं होतं.

"रीळ कोणी नेलं?" शिवदास ओरडला. "पेटीला कुलूप होतं. चावी कोणाकडे होती?"

आणि मी, त्याच न अडखळणाऱ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चावी बुधाजीकडे असते. त्याच्या कमरेच्या दोऱ्याला. मी पाहिली आहे."

ते खरंच होतं. पण तेवढं पुरलं. कोणी त्याचं बोचकं उलटं केलं. त्यातून हातभर फिल्मचा तुकडा पडला. कोणाला आठवलं की रघू कासार सकाळी तंबूपाशी होता, आणि कासार फिल्म वितळवून बांगड्या करतात. बस, हिशेब जुळला. बुधाजी सांगत होता की तुकडा तुटकी फिल्म जोडताना कातरलेला आहे, पण त्याचं ऐकायला कोण थांबलं होतं? रात्रीच त्याला हाकललं. तुकडा कोणीतरी पुरावा म्हणून माझ्या हातात दिला आणि मी तो घरी आणून शब्दकोशात ठेवला.

३

सत्यवतीबाई सुपाऱ्या सोलायला बसल्या होत्या. मला दारात पाहून म्हणाल्या, "मास्तर आणि आपल्या पायांनी? काय, पुस्तक हरवलं का कोणाकडे?"

"मला त्या रिळाबद्दल विचारायचंय."

"आता? चार महिन्यांनी?"

"चार महिन्यांनी," मी म्हटलं. एवढं म्हणायलाही मला जोर लागला.

त्यांनी विळा बाजूला ठेवला. "विचारा."

"त्या दिवशी पेटी कधी उघडी होती?"

"सकाळी होतीच की. बुधाजी माझ्या पडवीत बसून आदल्या रातची रिळं उलटी गुंडाळत होता. पेटी त्याच्या पाठीमागे, सताड. मी त्याला भाकरी दिली. रघू आला होता, मला आणि सुनांना बांगड्या भरायला. आणि शिवदास येरझाऱ्या घालत होता तोंड पाडून."

"का?"

"मला काय ठाऊक? मी तर त्याला चांगलंच सांगितलं होतं. म्हटलं, आज मास्तर पाट्या वाचतील, गाव लोटेल तुमच्या तंबूत. हसला नाही की काही नाही. मेला भाकरीसुद्धा अर्धी टाकून उठला."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

"आणि सुंभ? ते कोणाचं?"

सत्यवतीबाईंनी पुढ्यातल्या सुपाऱ्या बाजूला सारल्या. "माझंच. वाडीतलं. मी तेव्हा बोलले नाही, आधीच त्याच्यावर सगळे तुटून पडले होते. आज तुम्ही विचारताय म्हणून सांगते. त्या सकाळी ते वेटोळं माझ्याकडून बुधाजीच घेऊन गेला. तंबूची दोरी तुटलीय म्हणाला."

मी उठलो तो निरोप घ्यायलाही विसरलो. आता फक्त 'हो' लिहायचं उरलं होतं.

४

घरी येऊन दौत उघडली. 'चि. गोदू हिस' एवढं लिहिलं आणि टाक हवेत राहिला.

मला त्या डब्याची आठवण झाली. वेटोळं कसं बसवलं होतं? रिकामी जागा राहू नये असं, घट्ट. का? रीळ चोरणाऱ्याला सुंभाशी काय करायचं होतं? डबा रिकामा ठेवला असता तर हलका लागला असता. म्हणजे सुंभ वजनासाठी होतं. कोणाला वजन लागावं म्हणून?

डबे उचलायचा फक्त बुधाजी. शिवदासची कंबर धरलेली असे, तो डब्याला हातही लावत नसे. तंबूत दुसरं कोणी नव्हतं. बुधाजीनेच रीळ काढलं असतं, तर वजनाने त्याला फसवायचं होतं कोणाला? स्वतःला?

मी ते वाक्य तीनदा मनात फिरवलं. कुठेतरी चूक असणार असं वाटलं, कारण ते मला सुचलं होतं. पण चूक सापडेना. सुंभ कोणीही आणलेलं असो. ते डब्यात घालणाऱ्याला एकाच माणसाला फसवायचं होतं, आणि तो माणूस बुधाजी होता.

मी टाक पुसून ठेवला. 'हो' गेलं होतं. पण गावकीपुढे असल्या वजनाच्या युक्तिवादाला कोण विचारणार? चोर कोण ते सांगावं लागणार होतं. आणि पेटी उघडी असताना तिथे आणखी दोघे होते, रघू आणि शिवदास.

चार दिवसांनी बोर्लीचा बाजार होता. रघू एका बाईच्या हातात बांगडी चढवत होता. भोवती बायकांचा घोळका. मी मागे उभा राहिलो तशी एक म्हणाली, "मास्तर, बांगड्या कोनाला वो? नवी मास्तरीण केली का?"

सगळ्या हसल्या. एरवी मी तिथूनच परत फिरलो असतो. त्या दिवशी कान तापले तरी उभा राहिलो.

"मास्तर, थांबा वाईच," रघू म्हणाला. "हात अर्ध्यावर सोडला तर सुजंल."

बायका पांगल्यावर मी विचारलं. तो चिडला नाही, हसलाच.

"रीळ घेऊन मी काय करू? माझा बाप घ्यायचा. त्या टायमाला त्याच्या बांगड्या व्हायच्या. आता माल मुंबईवरनं तयार येतो. आन घ्यायचंच असतं तर शेवटचंच कशाला घेऊ? वितळल्यावर पयलं काय न् सातवं काय. खालच्या डब्यातलं जुनं कायतरी उचललं असतं, वरीसभर कोनाला कळलं नसतं."

मला ते पटलं. खरोखर, चोराने नेमकं तेच रीळ नेलं होतं जे त्याच रात्री लागणार होतं.

"तुझ्या वडिलांनी शिवदासकडून कधी रीळ घेतलं होतं?"

"येकदाच. नऊ वर्सं झाली. शिवदासला खाडीपार नेनारा अंबाजीचा पडाव दिघीला कलंडला, तेव्हा येक डबा पान्यात गेला. आतलं फुगून चिकाट झालेलं. बाप बोलला, याचं काय व्हनार न्हाय, तरी घेतलं बिचाऱ्याकडनं. डबा तेवढा शिवदासनं परत नेला. आकडा घातलेला डबा व्हता ना."

"कोणता आकडा?"

रघूने पेटारा बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. "सात," तो म्हणाला.

५

बोर्लीहून दिघीला छकड्याने जाताना मी एकच गोष्ट घोकत होतो. सातवं रीळ नऊ वर्षांपूर्वीच खाडीत गेलं. मग नऊ वर्षं शिवदास सातव्या डब्यातून काय दाखवत होता?

दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये अंबाजीचा पडाव चालायचा. अंबाजी तांडेल पासष्टीचा, उन्हाने काळा झालेला. पडाव कलंडल्याचं विचारलं तर त्याला राग आला.

"माज्या हातून न्हाय कलंडला. त्यो शिवदास उभा ऱ्हायला मधी, पेटी धरून. मी वराडतोय, बस रं बस! बसला न्हाय. येक डबा बुडाला, गळानं काढला मी."

"आणि त्यानंतर त्याचा सिनेमा पाहिलात कधी? डिटेक्टिव्हचा?"

"व्हय. दोन सालामागं, हितंच. दोनी राती."

"शेवट कळला?"

"शेवट?" अंबाजी थुंकला. "शेवट फसवनूक हाय. मास्तर, मला ती मानसं वळकू येत न्हाईत. समद्यांची टोपी येक, मिशी येक, डगला येक. शिवदास बोलंल ह्यो डाक्टर, तर डाक्टर. पन गलबत मला वळकू येतं. पयल्या राती त्या म्हाताऱ्याचं गलबत बघितलं, येका डोलकाठीचं. बारकं, झ्याक. दुसऱ्या राती, शेवटाला, डिटेकटिव्ह गलबतावर चढतो. त्याला दोन डोलकाठ्या!"

"नक्की दोन?"

"मास्तर, तुमी 'अ' बघून 'ब' बोलाल का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी शिवदासला इचारलं, तर बोलतो, त्येच गलबत हाय, अमेरिकेत अशीच असतात. मी बोललो, मंग अमेरिकेत डोलकाठ्या उगवतात का रं रातोरात? समदी हसली. मलाच हसली."

त्याने पलीकडच्या किनाऱ्याकडे हात केला. "सोडू का तिकडं? त्या माडांच्या मागं बुधाजीचं घर. पोरगी दिसंल बगा धक्क्यावर."

धक्का दिसत होता. त्यावर कोणीतरी उभंही होतं. एवढ्या लांबून मुलगी की बाई ते कळत नव्हतं.

"आज नको," मी म्हटलं. "माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही."

६

घरी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. शब्दकोश उघडला. फिल्मचा तुकडा तिथेच होता, कार्तिकापासून. मी तो एकदाही उजेडात धरून पाहिला नव्हता. लोकांसमोर पाहणं म्हणजे डिटेक्टिव्ह असल्याचा आव आणणं, असं वाटलं होतं. आणि एकट्याने पाहायला काय हरकत होती? काहीच नव्हती. धीर झाला नव्हता, इतकंच.

खिडकीत उभा राहिलो. बारीक टाइपासाठी ठेवलेलं भिंग घेतलं. तुकड्यावर सगळीकडे एकच इंग्रजी पाटी होती, आणि तिच्या उजव्या कडेने वरपासून खालपर्यंत एक वाकडा ओरखडा. मी वाचलं. "मिस रूथ, तुमच्या वडिलांचा खुनी याच गलबतावर आहे. — इन्स्पेक्टर क्रेग."

सहा रिळांत मी प्रत्येक पाटी वाचली होती. त्यात कोणी रूथ नव्हती. कोणी क्रेग नव्हता. मेलेल्या म्हाताऱ्याला तर मुलगीच नव्हती.

मी खाली बसलो. आता सत्यवतीबाईंकडे शिवदासने अर्धी टाकलेली भाकरी मला आठवली. नऊ वर्षं शिवदास दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं रीळ शेवटाला लावत होता. तशाच टोप्या, तशाच मिशा, समुद्रही होता. कोणाला पत्ता लागला नव्हता, एका तांडेलाखेरीज. आणि मग दिवेआगरात त्याला सकाळी सकाळी सांगण्यात आलं की आज पाट्या वाचायला मास्तर बसणार आहेत.

म्हणजे हे सगळं माझ्यामुळे सुरू झालं होतं. मला वाटलं, तसाच दौत बंद करून झोपावं. पण शिमग्याला अकरा दिवस होते आणि शिवदासचा तंबू श्रीवर्धनला लागल्याचं मला कळलं होतं. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघालो.

तंबूच्या दाराशी नवी जाहिरात होती. अमेरिकन डिटेक्टिव्ह, संपूर्ण, शेवटासह. शिवदास आत सतरंज्या झटकत होता.

"मास्तर! या, या. आज आमच्याकडे कसे?"

"सातवं रीळ सापडलं वाटतं."

"सापडतंय कुठलं. मुंबईहून दुसरं मागवलं."

"नवं?"

"नवं म्हणजे, दुसरं."

"मला दाखवा."

"रात्री या ना. पुढची सतरंजी तुमची."

"आत्ता. उन्हात. मला फक्त एक पाटी वाचायचीय." मी खिशातून तुकडा काढला. "हा बुधाजीच्या बोचक्यात निघाला होता. चोरीला गेलेल्या रिळाचा. त्याच्या उजव्या कडेला ओरखडा आहे. मुंबईहून दुसरं रीळ आलं असेल तर त्याच्यावर हा ओरखडा नसेल. नसला तर मी तुमची माफी मागेन आणि जाईन."

शिवदास हलला नाही. मीही हललो नाही. तुकडा मी तसाच त्याच्यासमोर धरून ठेवला.

मग तो पेटीवरच बसला. "तोच ओरखडा आहे," तो म्हणाला. "नका काढायला लावू."

"रीळ तुमच्याकडेच होतं?"

"माझ्या गादीत. बुधाजीला सुंभ आणायला मीच पाठवलं. त्याने आणून दिलं, मग मी त्याला पाणी आणायला विहिरीवर धाडलं. सुंभ तंबूलाच बांधलं असं तो समजून चालला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "खरं रीळ खाडीत गेलं, मास्तर. मी हे एकटं रीळ मुंबईत भंगारवाल्याकडून उचललं. शेवट नसलेला खुनाचा सिनेमा कोण बघणार? नऊ वर्षं चाललं. मग तुम्ही वाचायला बसलात. पहिल्याच पाटीला तुम्ही उठून म्हणाला असतात, हे त्यातलं नाही."

"रीळ तुटलं असं सांगायचं होतंत."

"तुटलं म्हटलं की लोक तिकिटाचे पैसे मागतात. चोरीला गेलं म्हटलं की लोक चोर शोधतात."

"आणि तुम्ही शोधू दिलात."

"मी बुधाजीचं नाव घेतलं नव्हतं. चावी कोणाकडे, एवढंच विचारलं. नाव तुम्ही घेतलंत."

हे तो बोलणार हे मला मोटारीतच माहीत होतं. तरी लागायचं ते लागलं.

"मी घेतलं," मी म्हटलं. "ते मी लिहिणार आहे. तुमचं तुम्ही लिहा."

"मला वाटलं होतं, आठ दिवसांनी त्याला परत बोलवीन. पण बातमी माझ्या आधी खाडी ओलांडून गेली. मग तोंड कसं दाखवू?" तो पुढे वाकला. "मास्तर, माझा तंबू बसेल हो. हे गावोगाव कळलं तर कोण येईल? ऐका. खरं सातवं रीळ मी अकरा वर्षं पाहिलंय. खरा खुनी कोण ते या किनाऱ्यावर फक्त मला ठाऊक आहे. तुम्ही वाचणारे. तुम्हाला सांगतो. आत्ता सांगतो. लिहून मात्र मागू नका."

खोटं का बोलू? मला जाणून घ्यायचं होतं. सहा रिळं मी स्वतःच्या तोंडाने वाचली होती. डॉक्टर की पुतण्या, यावर चार महिने अंथरुणात विचार केला होता. मी हातातला तुकडा खाली केला आणि ते शिवदासने पाहिलं.

"तो..." त्याने सुरुवात केली.

"नको," मी म्हटलं. "कागद घ्या."

जाहिरातीच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्याने लिहिलं. सावकाश लिहिलं. रीळ मी स्वतः काढलं, बुधाजीला त्यातलं काही माहीत नव्हतं, चावीचा काही संबंध नाही, पेटी उघडी होती. खाली सही केली. शेजारच्या चहावाल्याला बोलावून त्याचीही साक्ष घेतली. निघताना त्याने विचारलं, "बुधाजी परत येईल का हो माझ्याकडे? त्याच्यासारखा एका चालीत हँडल फिरवणारा दुसरा मिळाला नाही."

"ते त्याला विचारा," मी म्हटलं. "आगरदांड्याला जाऊन. गावकीसमोर."

७

श्रीवर्धनच्या पोस्टात एक कळकट बाक आहे आणि दोरीने बांधलेला टाक आहे. तिथेच बसून लिहिलं.

"चि. गोदू हिस अनेक आशीर्वाद.

नाही.

तुझ्या भावाने रीळ घेतलं नाही. कोणी घेतलं ते सोबतच्या कागदात त्याने स्वतः लिहून दिलं आहे. तो कागद गावकीला मोठ्याने वाचून दाखव, मग जपून ठेव. सुंभ, डबा आणि चावी यांचं सगळं मागच्या पानावर क्रमाने लिहिलं आहे. दिघीचे अंबाजी तांडेल आणि बोर्लीचा रघू कासार साक्षीला येतील. मी त्यांना आजच निरोप धाडतो आहे.

चावी बुधाजीकडे असते असं मी बोललो, हे खरं आहे. लोक त्यातून काय काढतील याचा मी विचार केला नाही. तुझं पत्र आल्यावर उत्तर द्यायला पावणेतीन महिने लावले. मला माहीत नव्हतं म्हणून नाही. शोधायची भीती वाटली म्हणून. बुधाजीला हे वाचून दाखव. त्याची मी माफी मागतो. गावकी बसेल त्या दिवशी मी येईन आणि जे तंबूत बोललो त्याच्या पुढचं सगळ्यांसमोर बोलेन. मला बोलताना वेळ लागतो. तेवढा द्यायला सांग."

दोन्ही कागद पाकिटात घातले. रजिस्टर करायला खिडकीपाशी गेलो. पोस्टमास्तरांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलंत."

नाव घालायची मला सवय नव्हती. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली ती सगळी 'एक वाचक' म्हणून. मी पाकीट परत घेतलं आणि कोपऱ्यात लिहिलं, हरी अच्युत गद्रे, निवृत्त शिक्षक, मु. दिवेआगर. अक्षर जरा मोठंच आलं.

"आगरदांड्याला कधी पोचेल?"

"परवा."

"शिमग्याला दहा दिवस आहेत ना अजून?"

"दहा आहेत," ते म्हणाले, आणि पाकिटावर शिक्का मारला.